०-८ पासून बिश्केकपर्यंत : मुलींच्या युवा फुटबॉल संघाचा खरा हिशेब

सेलूच्या एका क्रीडाशिक्षकांनी विचारलं आहे : "१७ वर्षांखालील मुलींचा भारतीय संघ २०२२ च्या विश्वचषकात एकही गोल न करता बाहेर पडला. आता त्याच वयोगटाचा संघ आशिया चषकाला पात्र ठरल्याचं वाचलं. मग हा संघ खरंच सुधारला आहे का? माझ्या शाळेत आठवीत एक मुलगी आहे, डाव्या पायाची, पोरांनाही चकवते. तिचे वडील विचारतात, यात पुढं काही आहे का. त्यांना काय सांगू?"

सर, आधी संघाबद्दल लिहितो. वडिलांना काय सांगायचं ते त्यातूनच निघेल. मी इतकी वर्षं छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी या पट्ट्यात मुलींना फुटबॉल शिकवतोय. राष्ट्रीय संघाचे निकाल मी आपल्या पोरींच्या नजरेतून वाचतो, तसेच इथं मांडतो.

२०२२ चा विश्वचषक ११ ते ३० ऑक्टोबर या काळात भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. भारत त्यात यजमान म्हणून होता, पात्रता फेरी खेळून आलेला नव्हता. आपल्या गटात अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील. निकाल असे : अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. तीन सामने, सोळा गोल खाल्ले, केला एकही नाही. लोकांच्या लक्षात ०-८ राहिला, कारण आकडा मोठा आहे. मला विचाराल तर शिकण्यासारखा सामना मोरोक्कोचा. त्या सामन्यात मध्यंतरापर्यंत ०-० होतं. आपल्या पोरींनी पंचेचाळीस मिनिटं बरोबरीनं झुंज दिली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत पेनल्टीवर पहिला गोल बसला आणि तिथून सामना निसटत गेला. शेवटचा गोल तर भरपाईच्या वेळेत बसला.

आता हे लक्षात घ्या की मोरोक्कोही या विश्वचषकात पहिल्यांदाच खेळत होता. दोन्ही संघ नवखे, वय तेच. फरक कुठं होता? मोरोक्कोच्या मुली आफ्रिकेतली पात्रता फेरी खेळून, शेवटच्या टप्प्यात घानासारख्या संघाला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून आल्या होत्या. हरलो तर सगळं संपलं, अशा सामन्यांत त्या आधीच तावून निघाल्या होत्या. आपल्या मुलींची तयारी बहुतेक शिबिरात झाली. जमशेदपूरचं शिबिर चांगलं होतं, स्वीडनचे टॉमस डेनरबी यांच्यासारखे मोठ्या अनुभवाचे प्रशिक्षक होते, युरोपचे दौरेही झाले. त्या दौऱ्यात इटलीनं आपल्याला ०-७ असं हरवलं होतं, म्हणजे पुढं काय वाढून ठेवलंय याची कल्पना जूनमध्येच आली होती. शिबिरात फिटनेस येतो, रचना पाठ होते. दमलेल्या पायांनी, एका गोलनं मागं असताना, समोरच्या दोघीजणी अंगावर येत असताना पास कुणाला द्यायचा, हे मात्र सामन्यातच कळतं. तेही एका सामन्यात कळत नाही.

त्यातच काळ वाईट होता. भारताला मुळात २०२० चा विश्वचषक मिळाला होता. कोविडमुळं तो आधी पुढं ढकलला आणि मग रद्दच झाला. त्या तुकडीतल्या कितीतरी मुलींचं वय उलटून गेलं. घरच्या मैदानावर विश्वचषक खेळायची आशा लावून बसलेल्या त्या पोरी एकही सामना न खेळता त्या वयोगटातून बाहेर पडल्या. याची हळहळ मला ०-८ पेक्षा जास्त वाटते. पुढं २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना, फिफानं भारतीय महासंघावर बंदी घातली. ती २६ ऑगस्टला उठली. त्या दिवसांत सोळा वर्षांच्या मुली रोज सकाळी सरावाला उतरत होत्या आणि स्पर्धा होणार की नाही हे त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं.

त्या संघाची कर्णधार होती अष्टम उरांव, झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. स्पर्धेच्या वेळी तिच्या घराकडं जाणारा रस्ता सरकारनं करायला घेतला, तेव्हा तिचे आईवडील त्याच रस्त्यावर मजुरीला होते, अशी बातमी देशभर छापून आली होती. मी ती बातमी आमच्या पोरींना वाचून दाखवली होती. जालना-बीडकडच्या मुलींना तिच्यात काही परकं वाटलं नाही.

दक्षिण आशियातलं चित्र पहिल्यापासून वेगळं आहे. सॅफच्या, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाच्या, वयोगट स्पर्धांमध्ये भारत कायम वरच्या दोनतीन संघांत असतो, पण एकछत्री राज्य नाही. १५ वर्षांखालील गटात २०१७ ला ढाक्यात बांगलादेशनं आपल्याला अंतिम सामन्यात हरवलं. २०१८ ला थिंफूत आपण १-० नं जिंकलो, २०१९ ला पेनल्टीवर. २०२४ च्या मार्चमध्ये नेपाळमध्ये १६ वर्षांखालील अंतिम सामना पुन्हा पेनल्टीवर गेला आणि तो बांगलादेशनं घेतला. त्याआधी महिनाभर, ८ फेब्रुवारी २०२४ ला ढाक्यात १९ वर्षांखालच्या अंतिम सामन्यात तर भलतंच घडलं. १-१ बरोबरी, मग शूटआउटमध्ये दोन्हीकडून अकरा-अकरा पेनल्टी गोलात. मग नाणेफेक केली, भारत जिंकल्याचं जाहीर झालं, बांगलादेशनं हरकत घेतली आणि अखेर दोघांना संयुक्त विजेते ठरवलं गेलं. बावीस मुलींनी, गोलकीपरसकट, ओळीनं पेनल्टी मारल्या आणि एकीचाही चेंडू बाहेर गेला नाही की अडवला गेला नाही. नाणेफेकीचा वाद लोक चघळत बसले. मला मात्र त्या बावीस पेनल्टी मोठ्या वाटतात. अशा दडपणाचा सराव शिबिरात होत नाही.

बांगलादेशचं नाव इतक्यांदा येतं, ते लक्षात ठेवा. पैसा, लोकसंख्या, मैदानं यांत ते आपल्यापुढं नाहीत. त्यांच्या खेड्यापाड्यांतून प्राथमिक शाळांच्या मुलींच्या स्पर्धा वर्षानुवर्षं चालल्या आणि त्यातून संघ उभे राहिले.

एक गोष्ट मोठ्या विजयांबद्दल. ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या १९ वर्षांखालील मुलींनी पाकिस्तानवर १८-० असा विजय मिळवला. तेव्हा सगळीकडं कौतुक झालं, व्हावंही. पण प्रशिक्षक म्हणून सांगतो, १८-० मधून मुलींना काही मिळत नाही. ०-८ मधून थोडं मिळतं, पण फार वेळा तशी हार झाली तर मन मोडतं. मुलगी वाढते ती १-०, १-१, २-१ अशा अटीतटीच्या सामन्यांत. संघाचा आलेख बघताना मी म्हणून जिंकले किती हे मागाहून बघतो, अटीतटीचे सामने किती खेळले हे आधी बघतो.

आणि इथंच २०२५ वेगळं ठरतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील संघ म्यानमारला यांगूनमध्ये पात्रता फेरी खेळला. इंडोनेशियाशी ०-०, तुर्कमेनिस्तानवर ७-०, आणि शेवटच्या सामन्यात यजमान म्यानमारवर १-०. गोल पूजाचा. गट जिंकला आणि वीस वर्षांनी या वयोगटाचा संघ आशिया चषकाला पात्र ठरला. त्या संघाची कर्णधार शुभांगी सिंग आणि गोलकीपर मोनालिशा देवी या दोघी २०२२ च्या विश्वचषक संघात होत्या. म्हणजे ज्यांना आपण "एकही गोल न केलेल्या" म्हणून विसरलो, त्यांच्यातल्याच काहीजणी तीन वर्षांनी परक्या देशात, यजमानांच्या प्रेक्षकांपुढं, एका गोलची आघाडी शेवटपर्यंत सांभाळून उभ्या राहिल्या. लिंडा कोम सेर्तो हीसुद्धा २०२२ च्या संघातलीच. ती पुढं वरिष्ठ संघापर्यंत गेली.

त्याच ऑगस्टमध्ये १७ वर्षांखालील संघ भूतानमध्ये थिंफूला सॅफ स्पर्धा खेळला आणि विजेता ठरला. ही स्पर्धा साखळी पद्धतीची होती, प्रत्येकाशी दोनदा सामना. बांगलादेशला पहिल्यांदा २-० हरवलं आणि शेवटी त्यांच्याकडूनच ३-४ असे हरलो, तोवर जेतेपद नक्की झालं होतं. दोन महिन्यांनी हाच गट किर्गिझस्तानात बिश्केकला गेला. आधी किर्गिझस्तानवर २-१. मग १७ ऑक्टोबरला उझबेकिस्तानशी निर्णायक सामना. पहिला गोल उझबेकिस्ताननं केला. प्रशिक्षक योआकिम अलेक्झांडरसन यांनी मध्यंतराची वाट न पाहता बदल केला आणि थंडामोनी बास्केला उतरवलं. मध्यंतरानंतर तिनंच बरोबरी साधली, अनुष्का कुमारीनं दुसरा गोल केला, २-१. पात्रता फेरी खेळून भारताच्या मुली या आशिया चषकात पहिल्यांदाच पोचल्या. याआधीचा सहभाग २००५ चा, दक्षिण कोरियातला.

२०२२ मध्ये मोरोक्कोविरुद्ध गोल खाल्ल्यावर जो संघ कोलमडला, त्याच वयाचा संघ २०२५ मध्ये गोल खाऊन परत उभा राहिला. मधल्या काळात हाताशी साखळी सामने होते, एकाच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा पुन्हा गाठ होती, आणि बांगलादेश-नेपाळसारखे कडवे शेजारी होते.

पण हुरळून जाऊ नका. आशिया चषकात संघांची संख्या आठवरून बारा झाली, त्यामुळं दार थोडं रुंद झालं हेही खरंच. पुढं जपान, उत्तर कोरिया, दक्षिण कोरिया, चीन असे डोंगर आहेत. उत्तर कोरियानं २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी हा विश्वचषक जिंकला. मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक आता दरवर्षी होतो, चोवीस संघांचा, आणि २०२९ पर्यंत मोरोक्कोतच. आशियातून चार जागा. त्या चारांत येणं अजून लांब आहे. दरवर्षी स्पर्धा असल्यामुळं एक फायदा मात्र नक्की. पूर्वी दोन वर्षांतून एकदा संधी यायची आणि चुकीच्या साली जन्मलेली मुलगी राहून जायची. आता कुठल्याही साली जन्मलेल्या मुलीला तिची वेळ मिळते.

आता तुमच्या विद्यार्थिनीकडं येतो.

राष्ट्रीय युवा संघाची यादी उघडली की झारखंड, मणिपूर, हरियाणा, पश्चिम बंगाल ही नावं दिसतात. २०२२ च्या संघात महाराष्ट्राची म्हणून काजोल डिसूझा होती, पुण्याची. मराठवाड्याचं नाव दिसत नाही. आपल्या पोरींत कस नाही म्हणून हे झालं, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय मुलींची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. चपळाई, दम, दिशा बदलणं, धडकेची भीती नसणं, हे सगळं आपल्याकडं आहे. खो-खोत ते वर आलं, कारण धाराशिवमध्ये शाळाशाळांतून मुलींना खो-खोचे सामने मिळत राहिले. झारखंडच्या खेड्यांत खस्सी टूर्नामेंट होतात, जिंकणाऱ्या संघाला बोकड बक्षीस. तिथली मुलगी दहा-बारा वर्षांची असल्यापासून अशा स्पर्धांत, गर्दीसमोर, खेळायला शिकते. आपली मुलगी वर्षातून एकदा शालेय स्पर्धेला तालुक्याला जाते. बऱ्याचदा समोर संघच नसतो, पुढे चाल मिळते. जिल्ह्याला एक सामना, हरली की घरी. म्हणजे वर्षाला एक किंवा दोन खरे सामने. त्या हिशेबानं ती सतरा वर्षांची होईपर्यंत जितकं खेळेल, तितकं मणिपूरची मुलगी एका हंगामात खेळून मोकळी होते.

म्हणून वडिलांना "पोरगी देशाकडून खेळेल" असं आत्ता सांगू नका. तिला सामने मिळवून देतो असं सांगा, आणि खरंच मिळवून द्या. सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, परतूर एवढ्या टापूत चार-पाच शाळा तरी पोरींचे सातजणींचे संघ काढू शकतील. दर पंधरा दिवसांनी एका गावात जमायचं, साखळी पद्धतीनं खेळायचं, बाद फेरी नको. हरलेल्या संघाला पुढचा सामना मिळालाच पाहिजे. मुली कमी पडल्या तर मुलांबरोबर खेळवा, बाराव्या-तेराव्या वर्षी त्यानं काहीही बिघडत नाही, उलट पहिला टच सुधारतो. चेंडू पायात स्थिर करायला वेळच मिळत नाही ना!

मैदानाबद्दल एक सांगतो, कारण बाहेरचे प्रशिक्षक हे सांगत नाहीत. आपली काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगांत पाय अडकून गुडघे जातात. शक्य असेल तर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून निदान अर्धं मैदान सपाट करून घ्या. कडक जमिनीवर चेंडू उसळतो, म्हणून आपल्या मुली चेंडू मांडीवर, छातीवर छान घेतात, पण गवतावर जमिनीलगत वेगानं येणारा पास त्यांच्या पायाखालून निघून जातो. ट्रायलमध्ये हेच उघडं पडतं. चेंडूतली हवा जराशी कमी ठेवून सराव केला तर हा फरक बराच कमी होतो. मार्च ते जून सकाळी साडेआठच्या आत सराव संपला पाहिजे.

गुडघ्याचं बोललोच आहे तर : या वयात मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. फिफा इलेव्हन प्लस नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, त्याला महागडं साहित्य लागत नाही. तो रोज करून घ्या, सामन्याच्या दिवशी त्यातले धावण्याचे भाग. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का ते स्वतः बघा. खो-खोतून आलेल्या मुलींच्या बाबतीत तर जास्तच.

आहाराचं महागडं काही नाही. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाणे-गूळ, परवडेल तेव्हा अंडी. पण एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या, ग्रामीण रुग्णालयात होतं. आपल्या देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे. मुलगी दुसऱ्या हाफमध्ये दमते, आपण तिला आळशी म्हणतो, आणि दुखणं रक्तात असतं.

सगळ्यात अवघड विषय टाळणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या ४८ टक्के स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. बीडमध्ये ४३.७ टक्के. १७ वर्षांखालील संघ ज्या वयातून निवडला जातो, बरोबर त्याच वयात आपल्या पोरी मैदानावरून नाहीशा होतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं आणखी वेगळं : दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड हलतं, आणि राज्य-राष्ट्रीय स्पर्धांचे दिवसही साधारण तेच. मुलीला त्या काळात हंगामी वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडं ठेवता येईल का, हे क्रीडाशिक्षकानं आधीच, पोळ्याच्या सुमारास, घरी जाऊन बोलावं. ऐनवेळी बोलून उपयोग होत नाही. तिच्या आईशी बोला. वडील मैदानावर येतात, पण घरातला शेवटचा शब्द पुष्कळदा आईचा असतो.

वडिलांना भीती असेल तर ती खोटी नाही. २०२२ मध्ये युरोप दौऱ्यावर असतानाच राष्ट्रीय संघाच्या एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाबद्दल काढून टाकावं लागलं. दौऱ्यावर संघासोबत महिला असल्याशिवाय मुलगी पाठवायची नाही, ही अट घाला आणि तिच्यावर ठाम राहा. मुलीकडं घरचा फोन नंबर पाठ असावा, आणि काही खटकलं तर सांगितल्यावर तिचा खेळ बंद होणार नाही, हे तिला आईनं आधीच सांगितलेलं असावं. खेळ बंद होईल या धाकानंच मुली गप्प राहतात.

वाटा दोन. एक शालेय : तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि मुलींच्या १७ वर्षांखालील गटातून सुब्रतो चषक ही शाळांची राष्ट्रीय स्पर्धा. दुसरी संघटनेची : जिल्हा फुटबॉल संघटना, मग वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे राज्याची संघटना, तिथून राज्याचा संघ आणि कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा. राष्ट्रीय शिबिरासाठी मुली हेरल्या जातात त्या मुख्यतः या दुसऱ्या वाटेवर. आपल्याकडचे शिक्षक पहिल्या वाटेवरच थांबतात. खेलो इंडियाच्या अस्मिता लीग मुलींच्या लहान गटांसाठी असतात, त्या जवळ कुठं होताहेत का यावर लक्ष ठेवा. मुलगी राज्य पातळीवर पोचली तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण आणि पदक मिळवलं तर पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, हे वडिलांना जरूर सांगा. त्यांनी विचारलेल्या "पुढं काही आहे का" याचं ते अर्धं उत्तर आहे.

कागदपत्रं आत्ताच बघा. जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचा निर्गम उतारा यांत तारीख एकच हवी. आपल्याकडं शाळेत घालताना १ जून लिहून टाकायची सवय आहे, आणि मग दाखल्यावर वेगळी तारीख निघते. चांगली निवडलेली मुलगी यापायी परत आलेली मी पाहिली आहे. वय कमी करून खेळवायचा मोह कुणी दाखवला तर तिथूनच परत फिरा, वरच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडाची तपासणी होते.

ती डाव्या पायाची आहे हे तुम्ही सहज लिहिलंत, पण ते महत्त्वाचं आहे. या वयोगटात डाव्या बाजूला खेळणाऱ्या खऱ्या डावखुऱ्या मुली फार कमी सापडतात. तिला चकवण्यातच गुंतवू नका, डाव्या बाजूनं धावता धावता क्रॉस टाकणं, म्हणजे कडेनं गोलसमोर चेंडू देणं, आणि परत मागं येऊन बचाव करणं, दोन्ही शिकवा. पुढच्या सामन्याचा पूर्ण व्हिडिओ काढा, गोलचे तुकडे नकोत. मैदानाच्या मध्यावर, उंचावरून, चेंडू तिच्याकडं नसतानाही ती दिसेल असा. तो पाठवलात तर ती कुठल्या जागी खेळावी आणि जिल्हा ट्रायलआधी कशावर काम करावं, ते मी बघून कळवतो.